म्हशींसाठी बोट बांधणारे अण्णा

श्रीपती अण्णा चौगले. आधी नाव लिहून टाकतो. काय काय घडलं ते सांगायला लागलो की मी घाबरून भलतीकडं जातो, आणि ज्याचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. या माणसानं मला छप्पर दिलं, हाताला काम दिलं, पाण्याची भीती घालवली, आणि यातली एकही गोष्ट गोड बोलून दिली नाही. त्यांची बहीण आक्का, तिनं मला जेवायला घातलं. तिचंही नाव इथंच घेतो.

पंचगंगेच्या काठचं त्यांचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण अण्णांची भावकी मोठी आहे आणि तिला वाचता येतं. हल्ली त्याच भावकीतली मंडळी अण्णांच्या बोटीपुढं उभं राहून फोटो काढतात. त्यांच्यासाठी हे नाही. बोट बांधताना त्यांची तोंडं काय बोलत होती ते मी तिथं उभा राहून ऐकलंय.

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील ऊसतोडीला कोल्हापूरकडं यायचे, त्यांच्यामागं फिरण्यात माझी शाळा सातवीत सुटली. ते परत गेले, मी राहिलो. गडमुडशिंगीजवळच्या एका शेडमध्ये फायबरचं काम शिकलो. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वर रेझिन फासायचं, वाळलं की सोलून काढायचं. पाण्याच्या टाक्या, संडासाची दारं, ट्रॅक्टरची छपरं. रेझिननं हाताची कातडी निघायची, डोळे चुरचुरायचे, पण काम होतं.

त्या शेडमध्ये एक दिवस अण्णा आले. साठीचे, काटक, अंगात डिझेलचे डाग पडलेला सदरा. कुणाला रामराम नाही की काही नाही. मालकाला म्हणाले, "दोन नावा पायजेत. लांबट. वर फळ्या टाकून जोडणार. मधनं पाणी जाईल आसं."

"कशाला पायजेत?"

"म्हशीला."

सगळी शेड हसली. मालक तर खुर्चीत मागं रेलून हसला. "म्हशीला पवाया येतं की ओ अण्णा, आपल्यापेक्षा झ्याक."

अण्णा वाट बघत उभे राहिले. हसणं संपलं तसं त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ए पावणं, तू का हसला न्हाईस?"

मी घाबरून खरं ते बोललो. "आमच्याकडं नदीला पाणीच नसतं. बोट कशाला लागते तेच मला माहीत नाही, तर हसू कशाला?"

"येतोस माझ्याकडं?"

"मालकाला विचारावं लागेल."

"मीच इचारतो की," म्हणाले, आणि मालकाला सगळ्यांसमोर असं काही बोलले की त्या शेडमध्ये पुन्हा पाय टाकायची मला सोय उरली नाही. अण्णांनी मला नोकरी दिली असं म्हणणं बरोबर नाही. होती ती घालवली, म्हणून त्यांच्याकडं जावं लागलं.

घर जुन्या कौलांचं, मागं गोठा, गोठ्याला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये मोडकी इंजिनं. गावच्या पाणीपुरवठा संस्थेची इंजिनं अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं चालवली होती, नंतर विजेच्या मोटारी आल्या आणि ते घरी बसले. मला शेडमध्ये एक बाज दिली. "झोप हितं. घोरलास तर हाकलीन."

अण्णांची एक रीत होती. प्रश्न विचारला की ते उत्तर म्हणून प्रश्नच विचारायचे. "अण्णा, जेवलात का?" तर, "का, तुझं राह्यलंय काय?" होकार असला तर "बघू" म्हणायचे. "बघू की" म्हणाले तर नाही समजायचं. हे कळायला मला एक उन्हाळा गेला. चहा बशीत ओतून, पाहुण्याकडं पाठ करून प्यायचे. खुर्ची असली तरी पेंडीच्या पालथ्या बुट्टीवर बसायचे. एखादा बोल्ट फिरेना झाला तर त्या एकट्या बोल्टला, त्याच्या घराण्यासकट, शिव्या घालायचे आणि तो सुटला की त्याला हळूच डब्यात ठेवायचे. कुणी स्तुती केली की लगेच विचारायचे, "तुझं काय काम हाय?" पावसाळ्यात मोबाइलवर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की ती सांगणाऱ्या बाईलाही सोडायचे नाहीत. "हसत सांगालीया बघ कशी. हिच्या दारात पाणी यायला पायजे."

पण त्या घरातली खरी गोष्ट मला पहिल्याच सकाळी कळली. आक्का धार काढत होती. अण्णा गोठ्याच्या दारात आले. आक्का म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाली, "चंद्रे, सांग तुझ्या मालकाला. पेंड संपलीया."

अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले, "उद्या आणतो म्हणावं."

मला वाटलं बाई जरा तशी आहे. नव्हती. माझ्याशी चांगली बोलायची, पाठीवर हात ठेवून "खा रं बाळा, हाडं दिसाल्यात" म्हणायची. फक्त सख्ख्या भावाशी बोलायची नाही. मोठ्या महापुरापासनं बोलली नव्हती.

त्या महापुरात माणसं न्यायला रबरी बोट आली होती. बोटीतल्या लोकांनी सांगितलं, जनावर घेणार नाही. आक्काच्या पाच म्हशी दावणीला होत्या. ती निघेना. अण्णा म्हणाले, "जनावरांसाठनं मागनं दुसरी बोट येतीया," आणि तिला उचलून बोटीत टाकलं. दुसरी बोट येणार म्हणून आक्कानं दावी सोडली नव्हती. बोट आली नाही. अण्णांना तसं कुणी सांगितलं होतं की ते स्वतःच बोलले, हे मी कधी विचारलं नाही. पाणी उतरल्यावर ती दोघं परत आली तेव्हा दावी खुंट्यांना तशीच होती. म्हशीही.

"सोडल्या असत्या तर गेल्या असत्या की पवत कुठंतरी," आक्का मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "बांधून मारल्या रं." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

नंतर तिनं चंद्री आणली. कपाळावर पांढरा टिळा असलेली. चंद्रीची वगार गोठ्यातच मोठी झाली. आणि अण्णांनी मनाशी ठरवलं, पुन्हा पाणी आलं तर या दोघी दावणीला राहणार नाहीत. आक्का बोलो, न बोलो.

बोट दोन नावांची का, हे अण्णांनी मला परातीत दाखवलं. परातीत पाणी, त्यात एक वाटी, वाटीत बटाटा. बटाटा कडेला सरकवला, वाटी पालथी. मग दोन वाट्या ठेवून वर पट्टी टाकली, पट्टीवर बटाटा इकडून तिकडं सरकवला. वाट्या डुलल्या, पालथ्या झाल्या नाहीत. "म्हस उभी ऱ्हात न्हाय. हालती. कळ्ळं?" एवढंच शिक्षण. बाकी सगळं मोबाइलवरच्या एका फोटोवरनं. परदेशातली कुठलीतरी पांढरी बोट, एका बाजूनं काढलेली.

त्या फोटोनंच घात केला. फोटोत एकच नाव पुरती दिसत होती. बाहेरच्या अंगाला फुगीर, आतल्या, म्हणजे दुसऱ्या नावेकडच्या, अंगाला सपाट. मी लाकडी पट्ट्यांचा साचा केला, आणि अण्णांच्या हुकमानं त्याच साच्यावरून दोन्ही नावा काढल्या. वर लोखंडी पाइप आडवे टाकून फळ्या ठोकल्या. टेम्पोचं जुनं डिझेल इंजिन मागं बसवलं, त्याला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. पंखा अण्णांनी ओळखीच्या फौंड्रीतून ओतून आणला, तिथंही भांडून. मी म्हणायचो "होडी", की ते ओरडायचे, "होडी न्हवं. गाडी म्हण."

गाडी नदीवर नेली त्या दिवशी घाटावर सगळं गाव. सगळ्यात पुढं दिनकर, अण्णांचा चुलतभाऊ. पांढरी पँट, दूध संस्थेवर संचालक, हातात मोबाइल. बांधाच्या एका भांडणापासून या दोघांचं वाकडं. मला बघून दिनकर मोठ्यानं म्हणाला, "तोडकऱ्याचं पोरगं बोट बांधालंय व्हय? कोयत्यानं बांधली काय रं?"

लोक हसले. अण्णा त्याच्याकडं न बघता इंजिनला हँडल मारत राहिले. इंजिन धडधडलं, गाडी पाण्यात सरकली, आणि डावीकडं वळली. अण्णांनी सुकाणू उजवीकडं दाबलं. गाडी डावीकडंच. मी पण सुकाणूवर भार टाकला. आम्ही नदीच्या मधोमध गोल गोल फिरत राहिलो. घाटावरचे चेहरे एकदा समोर यायचे, एकदा मागं जायचे, आणि दरवेळी जास्त हसत असायचे.

"गुऱ्हाळावर जुंपा की त्येला," कुणीतरी ओरडलं.

दिनकर हात तोंडाशी धरून म्हणाला, "श्रीपती, दोन्ही पायांत डाव्याच चपला घातल्याईस मर्दा."

अण्णांनी इंजिन बंद केलं. आम्ही बांबूनं ढकलत काठाला आलो. शेडमध्ये गाडी उतरवल्यावर वाकून दोन्ही नावांच्या मधे गेले आणि बराच वेळ हात फिरवत बसले. एक नाव आतून सपाट होती. दुसरी आतून फुगीर. एका साच्यातून दोन्ही एकाच पायाच्या निघाल्या होत्या.

बाहेर येऊन म्हणाले, "साचा उलटा करून नवा बांध."

"दिनकर काका म्हणाले ते बरोबर..."

"त्या भाड्याचं नाव काढू नगंस. मला कळ्ळं न्हवतं व्हय?"

कळलं नव्हतं. पण त्या दिवसापासून दिनकर रस्त्यात भेटला की अण्णा त्याच्याकडं आधीपेक्षा जास्त रागानं बघायचे. शत्रूच्या तोंडून उत्तर मिळालं, हे त्यांना पचलं नाही.

नव्या साच्याच्या दिवसांतच त्यांच्या ध्यानात आलं की मला पोहता येत नाही. दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या विहिरीवर नेलं, पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधला. मी म्हणालो, "अण्णा, हळूहळू शिकतो." ते म्हणाले, "पूर हळूहळू येतोय व्हय?" आणि ढकललं. विहिरीत गावची शाळकरी पोरं सूर मारत होती. मिशा फुटलेला गडी डबा बांधून रडतोय हे बघून ती खिदळायला लागली. काठावरून अण्णांनी त्या पोरांच्या बापजाद्यांचा असा उद्धार केला की पोरं कपडे न घेता पळाली. मग मला म्हणाले, "आता रड. कोण न्हाय." रोज संध्याकाळी येऊन बसायचे. मला नीट पोहता यायला लागलं त्या दिवशी डबा उचलून घरी घेऊन गेले.

उन्हाळ्याच्या शेवटाला गाडी सरळ चालली. अण्णांनी वाळूची पोती भरून फेऱ्या मारल्या. आक्कानं चंद्री द्यायला नकार दिला होता, गावात दुसरं कोण म्हैस देणार? पोत्यांची फेरी बघायला आक्का घाटावर आली होती. घरी येऊन चंद्रीच्या कानाशी म्हणाली, "पोती भ्यात न्हाईत गं. तू भितीस. चुलीत घाल म्हणावं असली परीक्षा."

अण्णा चार दिवस जेवायला आमच्यात बसले नाहीत. मग फळ्यांच्या चारी बाजूंनी कंबरेएवढा, पुढून उघडणारा, एका वेळी एकच म्हैस मावेल असा कठडा वेल्डिंग करून घेतला. त्यापलीकडं काय करायचं ते त्यांना सुचेना. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा माणूस भ्यालाय.

त्या पावसाळ्यात पाणी आलं. लोकांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जनावरं वरच्या माळावर नेली. चंद्री आज-उद्या व्यायची होती. ट्रॉलीत चढताना पाय घसरला तर संपलं, म्हणून आक्का थांबली. ती थांबली म्हणून अण्णा थांबले, आणि कुठं जायचं ते न कळून मी. सकाळी उठलो तर रस्ता पाण्याखाली आणि पाणी गोठ्याच्या पायरीला.

रबरी बोट आली. जॅकेट घातलेला तरुण म्हणाला, "आजोबा, चला. जनावरं सोडून द्या, ती जातात पोहत."

अण्णा म्हणाले, "तू आदी जा हितनं. जा म्हणतो न्हवं."

तो बिचारा चांगल्यासाठी आला होता. मला त्याच्याबरोबर जायचं होतं, खरं सांगतो. तरी अण्णांच्या मागनं गेलो.

आम्ही शेडमधून गाडी ओढायला गेलो, तर फळ्या दिसेनात. गोणपाट अंथरलेलं, त्यावर गोठ्यातलं पाचट, आणि त्यावर ओलं शेण हातानं थापून बसवलेलं. बोटांचे फराटे ताजे होते. आक्कानं पहाटे गोठ्याची जमीन उचलून बोटीवर आणली होती. गुळगुळीत फळीवर म्हशीचा खूर ठरत नाही, आणि ओळखीचा वास नसेल तर म्हैस पाय टाकत नाही. अण्णा त्या फराट्यांकडं बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "काय बघालाईस? वड."

चंद्रीनं वास घेतला आणि चढली. आक्का तिच्या तोंडापाशी, मी सुकाणूवर, अण्णा इंजिनपाशी. गल्लीतून निघालो तोवर ठीक होतं. उसाच्या रानावर आलो, खाली पाण्यात उसाचे शेंडे लवत होते, इंजिन जोरात धडधडलं आणि चंद्री बिथरली. सगळा भार डाव्या कठड्यावर. डावी नाव दबली, पाणी फळीवर आलं, पाचट तरंगायला लागलं. मी देवाची नावं घेत होतो. अण्णा ओरडत होते. म्हशीवर, माझ्यावर, नदीवर.

"श्रीपा," आक्का म्हणाली. "बंद कर ते आदी."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली, आणि असं. अण्णांनी इंजिन बंद केलं. त्यांना कुणी काही सांगावं आणि त्यांनी ते ऐकावं, हे मी तेव्हाच पाहिलं.

इंजिन थांबलं तशी गाडी आडवी होऊन वाहायला लागली. पुढं मूळ पात्राच्या काठची झाडं, फक्त शेंडे वर. आक्का चंद्रीच्या टिळ्यावर तळवा ठेवून हळूहळू काहीतरी बोलत होती. झाडं जवळ येत होती. अण्णांचा हात हँडलवर, पण फिरवत नव्हते. त्यांचं सगळं लक्ष बहिणीच्या पाठीकडं.

"करू चालू?" त्यांनी विचारलं. पहिल्या भेटीनंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिलाच प्रश्न, ज्याचं त्यांना उत्तर हवं होतं.

"थांब."

चंद्रीनं मान खाली घातली, एक पाय उचलला, उजवीकडं ठेवला. दबलेली नाव वर आली.

"कर आता. दमानं."

त्यांनी दमानं केलं. माळाच्या उताराला गाडी टेकली आणि चंद्री स्वतःहून उतरून चिखलात उभी राहिली. अण्णा म्हणाले, "वगार ऱ्हायली." आक्का म्हणाली, "मग हितं काय बसलाईस?"

वगार आणली. मग दिनकर. घर उंचावर आहे म्हणून तो गावात राहिला होता, आणि आता अंगणात मांडीएवढ्या पाण्यात दोन म्हशींचे कासरे धरून उभा होता. हाक मारली नाही त्यानं. अण्णांनी गाडी त्याच्या अंगणात घातली.

"बघालाईस काय? म्हस चढीव."

"श्रीपती, मी त्या दिवशी जे बोललो..."

"म्हस चढीव म्हणलं. तुला जागा न्हाय. तू पवत ये."

दुसऱ्या म्हशीबरोबर त्यालाही आणला. पूर्ण वाट त्याला बांधाची आठवण करून देत, एकेक शिवी निवडून. दिनकर म्हशीच्या शेपटीमागं अंग चोरून ऐकत होता. संध्याकाळपर्यंत कुणाकुणाची जनावरं आली. ज्याचं जनावर, त्याला शिव्या.

चंद्री माळावरच्या शाळेच्या ओसरीत व्याली. पाणी अजून उतरलं नव्हतं, तोच अण्णांनी कोकणातल्या बोटींच्या एका कारखान्यात फोन लावला. कुठल्याशा इंजिनवाल्याची ओळख. "माझ्याकडं एक माणूस हाय. फायबर जाणतो. त्याला समुद्रातली बोट शिकवा. न्हाय म्हणशीला तर मी तिकडं यीन."

मी म्हणालो, "अण्णा, मी इथंच राहतो."

"हितं ऱ्हाऊन काय, शेण काढणार हाईस जलमभर? गावाला दुसरी बोट पायजे हाय व्हय?"

"मला तिकडं जमेल का?"

"विहिरीत जमलं न्हवं?"

गावातलं माझं सामान घेऊन आम्ही गाडीतून निघालो, तेव्हा पाण्याच्या कडेला, जिथून एसटी मिळत होती तिथं त्यांनी मला उतरवलं. आक्का गोणपाटावर हिरव्या चाऱ्याच्या भाऱ्याला टेकून बसली होती. तिनं माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. अण्णा म्हणाले, "परत आलास तर तंगडं मोडीन," आणि गाडी वळवली. मी वळून बघतोय तर आक्का त्यांना काहीतरी सांगत होती, हात नाचवून, रागानं. अण्णा मान न वळवता तोडीस तोड उत्तर देत होते. इंजिनच्या आवाजात शब्द कळत नव्हते. इतक्या वर्षांचं भांडण साठलं होतं, ते आता दोघं समोरासमोर भांडत होते. माझ्याकडं दोघांपैकी एकानंही पुन्हा बघितलं नाही.

इथं समुद्र आहे, घर लांब आहे, आणि भरतीचा आवाज आला की अजून उठून पाणी कुठवर आलंय ते बघून येतो. काम मात्र शिकतोय. एक दिवस मी जाणार आहे, आणि अख्खा गोठा एका फेरीत मावेल अशी बोट अण्णांना बांधून देणार आहे. ते "बघू की" म्हणतील, गावासमोर मला हाकलतील. तरी त्यांच्या घाटाला ती बांधूनच मी येणार.